ओजियातला चिनी बर्फ

१७ जानेवारी, मेइजी बादशहाच्या कारकिर्दीचं १५वं वर्ष

ओजियाच्या शाईबंधूंनो! जिल्ह्याच्या शाळेने आपल्या मुलांच्या हातातला कुंचला काढून घेतला आणि शिशाची कांडी दिली, ही बातमी तुम्ही सगळ्यांनी ऐकली. ऐकून घरी गेलात आणि शेगडीपाशी हात शेकत बसलात. त्या शाळेत आज मुलं काय काढतात? किटली! पुढ्यात किटली ठेवतात आणि किटलीसारखी किटली काढतात. हजार वर्षं या देशाने डोळे मिटून चीनचे डोंगर पाहिले, ते काय आता डोळे उघडून किटली पाहण्यासाठी? शाळातपासनीस विचारतो, तुमच्या चित्रांतलं गाव कुठलं? मी त्याला सांगतो, जे गाव आपल्यापैकी कुणी पाहिलेलं नाही, तेच चित्रात काढण्याच्या लायकीचं असतं!

(इथे थांबायचं. टाळ्या.)

एवढं सकाळी लिहून झालं आणि ओताकीला वाचून दाखवलं. ती बसून ऐकत होती, म्हणजे हातात सुईदोरा होता, पण कान इकडे होते.

"शाईबंधूंनो म्हणताय," ती म्हणाली, "मंडळातल्या सातांमधली एक बाई आहे."

"सभेत बंधू म्हटलं की त्यात बाईही आलीच."

"आली ना? मग बरं," असं म्हणून ती फावडं घेऊन माडीच्या खिडकीतून छपरावरचा बर्फ लोटायला गेली. बायकोला वक्तृत्वातलं काही कळत नाही. तिच्या वडिलांनी मला घरजावई करून घेतलं ते माझी विद्वत्ता पाहून. कापडाचा धंदा ती सांभाळते, विद्वत्ता मी सांभाळतो.

ही दैनंदिनी आजपासून मुद्दाम सुरू करतोय. मी आमच्या चित्रकार मंडळाचा प्रमुख झाल्यावर लोक विचारतील, त्या दिवसांत तुमच्या मनात काय चाललं होतं? तेव्हा आठवत बसायला नको.

१९ जानेवारी

मंडळाची बैठक. काझामा शेठच्या दारूभट्टीच्या माडीवर सातही सभासद हजर होते.

मामला असा आहे. आमचे गुरुजी रोकुहो दोन वर्षांपूर्वी गेले. चित्रकार गेला की त्याचा दगडी शिक्का घासून कोरा करायचा, म्हणजे मागून कुणी खोटी चित्रं खपवू नयेत, ही जुनी रीत. पण गुरुजींनी मृत्युपत्रात लिहिलं की, मंडळातले सातही जण एकमताने ज्याचं नाव घेतील त्याला शिक्का द्या, गुरुजींचं नाव त्याने पुढे चालवावं. यंदाच्या पंधरा मार्चपर्यंत, म्हणजे त्यांच्या स्मृतिदिनापर्यंत एकमत झालं नाही, तर शिक्का घासून टाका आणि मंडळ मोडा.

एकमत होत नाही, कारण दोन नावं आहेत. एक माझं. मी एकतीस वर्षं गुरुजींपाशी शिकलो, नमुन्यांची पाचही पुस्तकं मला तोंडपाठ आहेत. दुसरं नाव ओसायोचं. ती गुरुजींची मुलगी, आणि यापलीकडे तिच्या बाजूने बोलण्यासारखं काही असेल तर मला ठाऊक नाही. ती खिडकीतून दिसेल ते काढते. मागे तिने हिवाळ्याचं चित्र म्हणून वाळत टाकलेले मुळे काढले होते.

आज काझामा शेठनी तोडगा काढला. सत्तरीचा माणूस, पण डोकं शाबूत आहे. नीगाता बंदरात एक चिनी पंडित उतरलेत, लियांग त्यांचं नाव. त्यांना इथे बोलवायचं. दोन मित्रांच्या हिवाळ्याच्या कथेवर आम्ही दोघांनी एकेक चित्र काढायचं. लियांग गुरुजी ज्या चित्रावर आपल्या हाताने चार ओळी लिहितील, त्याला सगळ्यांनी संमती द्यायची.

मी लगेच हो म्हटलं. चिनी कथा, चिनी बर्फ, परीक्षकही चिनी! ओसायोचे मुळे तिथे काय करणार?

"चिकुआनराव, एवढ्या घाईने हो म्हणू नका," शेठ म्हणाले. "निदान चहा तरी संपू द्या."

२४ जानेवारी

कामाला लागलो. कथा अशी. दोन जिवलग मित्र भांडले आणि बारा वर्षं बोलले नाहीत. एका हिवाळ्यात दोघांनाही एकाच दिवशी पश्चात्ताप झाला. हा त्याच्या घराकडे निघाला, तो याच्या घराकडे. रस्ता एकच होता, तरी वाटेत दोघांची चुकामूक झाली. हा त्याच्या रिकाम्या घरात वाट पाहत बसला, तो याच्या.

एकाच रस्त्यावर चुकामूक कशी झाली, यावर तीन टीकाकारांची तीन मतं आहेत. पहिला म्हणतो, हिमवर्षाव दाट होता. दुसरा म्हणतो, छत्र्या खाली झुकलेल्या होत्या. तिसरा म्हणतो, असले प्रश्न विचारू नयेत. मी तिसऱ्याच्या बाजूचा आहे. तरी सोय म्हणून दोघांच्या मधे एक प्रचंड खडक घातला. तो पुस्तक दुसरे, पान चाळीस.

बर्फ रंगवायचा नसतो. कागद कोरा सोडायचा आणि भोवतीचं आभाळ शाईने गडद करायचं, की कोरा कागद आपोआप बर्फ होतो. सगळी कला कुठे हात लावायचा नाही यात आहे.

अडचण एकच, दौतीत शाई गोठते. ओताकीने पाण्यात थोडी दारू मिसळून दिली, मग गोठेना. सकाळभर छपरावरून धपधप बर्फ पडत होता. खिडकीबाहेर अंधार. तळमजल्यावर डिसेंबरपासून उजेड असा नाहीच. या इथल्या बर्फाने माणसाला बर्फाचं चित्र काढणं मुश्कील करून ठेवलंय.

३१ जानेवारी

चित्र पूर्ण. अकरा शिखरं, एक गाढव, दोन छत्र्या, झाडांच्या पानांच्या सत्तावीस तऱ्हा. माणसं तांदळाच्या दाण्याएवढी. वर उजव्या कोपऱ्यात वीतभर जागा लियांग गुरुजींच्या अक्षरांसाठी कोरी ठेवली.

ओताकी म्हणाली, "छान आहे. गाढवाला थंडी वाजत नाही का?"

२ फेब्रुवारी

लियांग गुरुजी घसरगाडीवरून आले. पांढरी दाढी असेल असं धरून चाललो होतो, तर माणूस चौतिशीचा, हडकुळा आणि गुळगुळीत दाढीचा! गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी हातमोजा काढला आणि उघडा हात कोपरापर्यंत बर्फात खुपसला. खुपसून तसेच उभे राहिले. हात गोठेल, असं मी म्हणालो, पण त्यांना आमची भाषा येत नाही आणि आम्हाला त्यांची. फक्त लिहिलेलं एकमेकांचं कळतं, कारण अक्षरं दोघांचीही चिनीच. त्यामुळे बोलणं सगळं कुंचल्याने.

जेवताना त्यांनी कागदाच्या तुकड्यावर काहीतरी लिहून काझामा शेठकडे दिलं. शेठनी तो कागद दोन्ही हातांनी कपाळाला लावला.

३ फेब्रुवारी

आज माझी आणि लियांग गुरुजींची दोन तास लेखी बैठक झाली. बावीस कागद भरले. त्यातले एकोणीस माझे.

मी लिहिलं: आपल्या चीन देशातल्या बर्फाच्या नऊ जाती ग्रंथांत सांगितल्या आहेत. या कथेला कोणती योग्य?

त्यांनी लिहिलं: माझ्या गावी बर्फ पडत नाही. मी दक्षिणेचा. जन्मात पहिला बर्फ गेल्या महिन्यात नीगाता बंदरात पाहिला, तो चिखलात मिसळलेला. खरा पाहावा म्हणून इथे आलो.

काय हा विनय! थोर माणसं स्वतःकडे असलेलं कधी कबूल करत नाहीत. मी पुन्हा विचारलं. त्यांनी लिहिलं: खिडकी उघडता येईल का?

येणार नव्हती, बाहेर बर्फ छतापर्यंत आहे. मी त्यांना तीन टीकाकारांची मतं सविस्तर लिहून दिली. त्यांनी विचारलं: वर धपधप आवाज कसला येतोय? मी लिहिलं: बायका छपरावरचा बर्फ लोटताहेत, लक्ष देऊ नका. त्यांनी लिहिलं: मला वर जाता येईल का? मी पहिल्या टीकाकाराकडे परत आलो.

जाताना त्यांचा तो कागद मागून घेतला. "माझ्या गावी बर्फ पडत नाही" हा. असा नम्रपणा रेशमावर चिकटवून भिंतीवर टांगायला हवा. उद्या टांगतो.

निघताना पाहिलं, तर काझामा शेठनी आपला कागद आधीच मढवून देवघराशेजारी लावलेला. समोर उदबत्ती. वाचलं. लिहिलं होतं: भात थोडा मऊ मिळेल का?

"अक्षर पाहा, अक्षर!" शेठ म्हणाले.

"भात मऊ केलात का?" मी विचारलं.

"अरेच्चा," शेठ म्हणाले.

५ फेब्रुवारी

सकाळी लियांग गुरुजींना चौथा टीकाकार दाखवायला निघालो. तो परवा राहून गेला होता. नेहमीप्रमाणे पडव्यांच्या रस्त्याने गेलो. सगळ्या घरांच्या पडव्या एकमेकींना जोडलेल्या, वर छप्पर, बाजूला बर्फाची भिंत; भुयारातून जावं तसं. तिथे पोचलो तर ते बाहेर गेलेले. तासभर थांबलो. शेठच्या सुनेने गरम दारू दिली. परत आलो.

ओताकी म्हणाली, "अहो, ते चिनी गुरुजी येऊन गेले की! वरून आले. बर्फावरून चालत. शिडीने खिडकीतून आत उतरले. तासभर बसले, चहा घेतला. तुमची वाट पाहत होते."

"आगाऊ निरोप धाडायला नको?" मी म्हटलं. "एवढा पंडित, पण रीतभात नाही."

ओताकी माझ्याकडे पाहतच राहिली. मग तोंडावर बाही धरून हसायला लागली. ओसायो कापडाचं सूत न्यायला आली होती, तीही हसायला लागली.

"काका, तुम्ही खालून गेलात ना?" ती म्हणाली.

"मग काय छपरावरून उड्या मारत जाऊ?"

दोघींना जेवण होईपर्यंत हसू आवरत नव्हतं. काही घरांत लेखी बैठकीची किंमत नसते.

६ फेब्रुवारी

ओसायोने तयार झालेलं चित्र फाडलं म्हणे आणि नवं काढायला घेतलं. घाबरली असावी.

१२ फेब्रुवारी

आज निकाल.

काझामा शेठच्या माडीवर चाळीसएक माणसं जमली. सुकवलेला मासा, मुळ्याचं लोणचं, दारूचे बुधले. मी सुरुवातीला पाऊण तास भाषण केलं. किटलीपाशी टाळ्या पडल्या. लियांग गुरुजींना शब्दही कळत नव्हता, तरी ते शेवटपर्यंत ताठ बसून होते. संस्कृती म्हणतात ती हीच.

मग माझं चित्र उलगडलं. लियांग गुरुजी पुढे सरकले आणि बराच वेळ पाहत राहिले. मग कुंचला घेऊन वेगळ्या कागदावर त्यांनी लिहिलं: हा डोंगर कुठला?

मी लिहिलं: आपल्याच चीन देशातला.

त्यांनी लिहिलं: मी पाहिलेला नाही. फार सुंदर आहे. कधी तिकडे गेलो तर तुमची आठवण काढीन.

त्यांच्यासाठी ठेवलेल्या कोऱ्या कोपऱ्यात त्यांनी एक अक्षरही लिहिलं नाही. नमस्कार करून मागे सरकले. मला कळलं. जिथे भर घालण्यासारखं काही उरत नाही, तिथे जाणकार हात आखडता घेतो. माडीवर शांतता पसरली होती, ती या अर्थाची.

मग ओसायोचं चित्र. चीनचं काही नाही. आपल्या ओजियाची पेठ! वर बर्फाचा कडा, घरांच्या छपरांएवढा उंच. त्याच्यावरून एक हडकुळा माणूस छत्री घेऊन चाललाय. बरोबर त्याच्या पायाखाली पडव्यांच्या रस्त्याने दुसरा माणूस उलट्या दिशेला चाललाय. मधे बर्फ. एक वरून, एक खालून. हा त्याच्याकडे निघालाय, तो याच्याकडे.

खालचा माणूस जाड आहे. बगलेत पुस्तकं आहेत आणि तोंड उघडं आहे. मूळ कथेत दोघांपैकी कुणीही जाड नाही. माडीवर आधी एकजण खुसफुसला, मग सगळेच हसत सुटले. देवळातले भटजी तर लोणच्याच्या ताटलीत वाकले. लोक इतके का हसत होते, ते मला समजलं नाही. चित्रातला तो जाड माणूस कोण हेही मला ओळखता आलं नाही.

लियांग गुरुजीही हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, कुंचला घेतला आणि थेट चित्रावर लिहिलं. भटजींनी मोठ्याने वाचलं:

"लहानपणी ही गोष्ट ऐकली तेव्हा वडिलांना विचारलं होतं, रस्ता एकच, मग भेट का झाली नाही? ते म्हणाले, मोठा झालास की कळेल. मोठा झालो, पण कळलं नाही. या गावात शिडी चढलो आणि कळलं."

काझामा शेठनी संमतिपत्र पुढे केलं. सहीऐवजी एकामागून एक आपापले शिक्के उमटले. सातांपैकी सहा. मग पत्र माझ्यापुढे आलं.

"माझा शिक्का घरी राहिला," मी म्हटलं.

"अहो, कमरेला काय लटकतंय?" ओताकी मागून म्हणाली. बायकांना सभेला आणूच नये.

मी म्हटलं, तो दुसऱ्या कामाचा आहे.

१३ फेब्रुवारी

विचार केला. पाहुण्याने ओसायोच्या चित्रावर लिहिलं हे खरं. पण माझ्या चित्रावर लिहिलं नाही, हा त्याहून मोठा मान आहे. तेव्हा निकाल दोन्ही बाजूंनी लागतो. संमती देणं मला तत्त्वाला धरून वाटत नाही.

शिवाय मुदत पंधरा मार्चची आहे. दिवस सरतील तसे लोक घाबरतील. गुरुजींचा शिक्का घासला जाऊ नये म्हणून तेच सहाजण माझं नाव पुढे करतील. मी कुणावर जबरदस्ती करणार नाही. फक्त थांबणार आहे.

२० फेब्रुवारी

लियांग गुरुजी गेले. निरोपाला गेलो नाही. सर्दी होती. ओताकी गेली होती. तिने त्यांना छपरावर नेऊन फावडं हातात दिलं होतं म्हणे, आठवडाभर रोज. जाताना ते तिला तीनदा वाकून नमस्कार करून गेले. मला त्यांनी एकदाच केला होता.

१ मार्च

काझामा शेठ आले. शेगडीपाशी बसून गव्हाच्या शेवया खाल्ल्या, हवापाण्याच्या गप्पा मारल्या. निघताना म्हणाले, "चिकुआनराव, तुमच्याकडे धार लावायचा मोठा दगड आहे ना?"

"आहे. का?"

"पंधरा तारखेला लागेल. गुरुजींचा शिक्का फार कडक दगडाचा आहे. साध्या दगडावर घासला जायचा नाही."

"ओसायो काय म्हणते?"

"ती कशाला काही म्हणेल? म्हणते, काकांना पटत नसेल तर राहू दे. वडिलांचं नाव भांडून मिळवायचं नाही."

"म्हणजे तुम्ही दुसरं नाव सुचवत नाही?"

"कुणाचं?" शेठनी विचारलं. त्यांचा चेहरा इतका निरागस होता की मी दगड काढून द्यायला उठलो.

धारेचा दगड घेऊन गेले. जड आहे. दोन माणसं लागली.

४ मार्च

विरोधपत्र लिहायला घेतलं. सहा कलमं. चौथ्या कलमाला अडलो.

९ मार्च

ऊन पडलं. या दिवसांत ऊन पडलं की ओताकीची माणसं विणलेलं कापड बर्फावर अंथरतात. उन्हाने बर्फ वाफाळतो आणि त्याने कापड पांढरं होतं. ओसायोही मदतीला जाते. तिला विरोधपत्र तोंडी समजावून सांगावं, म्हणजे मागाहून कुणाला आक्षेप नको, म्हणून मी शेतावर गेलो.

सहा वर्षांत तिथे गेलो नव्हतो. डोळे दिपले. वीस पावलांवरून मी सुरुवात केली: "ओसायो! कलेच्या इतिहासात..." आणि थांबलो. आवाज पुढे जाईना. बर्फ सगळा आवाज गिळतो. एवढ्या मोकळ्या मैदानात माझं बोलणं मलाच ऐकू येईना. तिने कानाला हात लावून काय म्हणून विचारलं. मी चालत जवळ गेलो. गुडघाभर रुतलो, दोनदा पडलो.

"बरं झालं आलात, काका," ती म्हणाली. "हे टोक धरा. ओताकीकाकू पलीकडे गेल्यात. एकटीने नाही ताणता येत."

टोक धरलं. मग दुसरं धरलं. चौदा ताग्यांची टोकं धरली. जाड माणूस उभा असला की कापड हलत नाही, हे तिथल्या बायकांनी मला तीन वेळा सांगितलं.

एक गोष्ट लिहून ठेवतो. विणून आलेलं कापड घरात पांढरं शुभ्र दिसतं. ते बर्फावर अंथरलं, तर पिवळं दिसलं. पिवळं! मी खाली वाकून खात्री केली. माझी चित्रं मी ज्या कागदावर काढतो तो या कापडाहून मळकट आहे. म्हणजे एकतीस वर्षं मी जो कोरा ठेवून बर्फ म्हणत होतो... कागदवाल्याने मला फसवलंय.

भाकरीच्या वेळी बर्फाच्या कट्ट्यावर बसलो. भाताचे गोळे, लोणचं. मी म्हटलं, "ओसायो, तुझ्या चित्रात एक दोष आहे."

"कुठला?"

"तो खालचा माणूस. माणसाची टिंगल करायची तर चारचौघांसमोर करू नये."

तिने हातातला गोळा खाली ठेवला. "कुठली टिंगल?"

"तोंड उघडं काढलंयस त्याचं. भाषण करताना."

"काका," ती म्हणाली, "तो भाषण नाही करत. तो हाक मारतोय."

"कुणाला?" मी विचारलं.

"मित्राला हाक मारतोय. वरच्याला ऐकू गेली नाही, कारण मधे बर्फ आहे. बर्फातून आवाज जातो का? मघाशी तुमचा तरी आला का? त्यात त्या माणसाची काय चूक?"

मी गोळा खाल्ला. मग उरलेल्या ताग्यांची टोकं धरली. हातांना भेगा पडल्या आहेत, त्यामुळे आज अक्षर वाईट.

१० मार्च

काल एक गोष्ट लिहायची राहिली. नाही, काल नव्हे, बारा फेब्रुवारीला राहिली. तो जाड माणूस मी आहे, हे मला चित्र उलगडताक्षणीच कळलं होतं. पुस्तकांवरून कळलं. ओळखता आलं नाही असं इथे लिहिलं, ते खोटं. दैनंदिनीत स्वतःशी खोटं बोलता येतं, हे मला आधी माहीत नव्हतं. भाषणात येतं, ते माहीत होतं.

पुढचं खोडावं असं वाटतं, पण ठेवतो. त्या दिवशी माझा राग निकालावर नव्हता. चाळीस माणसं हसली, आणि हसताना ती चित्राकडे पाहत होती, माझ्याकडे नाही, यावर होता.

१२ मार्च

विरोधपत्र चुलीत घातलं. ओताकीने पेटवणाला वापरलं. चांगला कागद होता, लवकर पेटला.

आता काझामा शेठच्या माडीवर जायचं, पत्रावर शिक्का मारायचा, यायचं. दोनशे पावलं. निघालो आणि अर्ध्या वाटेवरून परत आलो. तिथे जाऊन म्हणायचं काय? एक महिना अडवून धरलं आणि आता आलो, असं म्हणायचं? मला एका माणसाशी बोलता येत नाही. चाळीसांशी येतं.

१४ मार्च

उद्या गुरुजींचा स्मृतिदिन. सकाळपासून काझामा शेठकडून दगडावर पाणी टाकल्याचा आवाज येतोय असं मला वाटतं. ओताकी म्हणते, गळती आहे, बर्फ वितळतोय.

मंडळाच्या सगळ्या सभासदांना उद्देशून एक आवाहन लिहिलं. सात प्रती काढल्या. ओताकीने वाचलं आणि विचारलं, "सातजणांना कशाला? सहाजणांनी तर कधीच शिक्के मारलेत."

"आवाहन सगळ्यांनाच करायचं असतं. एकट्यालाच केलं तर तो बिचारा ओशाळतो."

"मग सातवी प्रत कुणाला देऊ?"

"इथेच ठेव. शेगडीपाशी. मी वाचीन."

तिने प्रत ठेवली. यावेळी हसली नाही. माझा जाडा अंगरखा शेगडीवर गरम करायला टाकला. आवाहनाची नक्कल इथे उतरवून ठेवतो, म्हणजे सकाळी माघार घ्यावीशी वाटली तर समोर असावी.

रोकुहो गुरुजींच्या शिष्यांनो! शाळा आपल्या हातातली शाई हिरावून घेते म्हणून आपण दोन वर्षं ओरडलो. पण शाळेने गुरुजींच्या शिक्क्याला हात लावलेला नाही. तो घासायला दगड निघालाय, तो आपल्याच घरातून. गुरुजींच्या मुलीने चांगलं चित्र काढलं. आपण ज्यावर तीन टीकाकार पाठ केले, त्याचं उत्तर तिने आपल्याच पेठेत उभं राहून दिलं. हे ज्याला पटलं नाही त्याचा मान राखून सांगतो, त्याला ते पटलेलं आहे, फक्त लाज वाटते. लाज वाटू द्या. लाज वाटत असतानाही हात उचलता येतो. म्हणून ज्याने ओसायोच्या संमतिपत्रावर अजून शिक्का उमटवलेला नाही, त्याने उद्या दुपारच्या आत, एकही शब्द न बोलता, काझामा शेठच्या माडीवर जावं आणि तो उमटवावा!